दोन स्थळं

हनिमूनला अंदमानला जायचा विचार चाललाय, हे आजीला सांगितलं तेव्हा ती मटार सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "काळ्या पाण्यावर? अरे, तिथं गेलेली माणसं परत यावीत म्हणून घरचे देव पाण्यात घालून बसायचे. आणि तुम्ही पैसे भरून जाणार?"

"मग मालदीवला जाऊ?"

"ते कुठं आलं?"

मी फोनवर नकाशा उघडला. निळ्या रंगात काहीच दिसेना. दोन बोटांनी मोठं केलं, अजून मोठं केलं, तेव्हा कुठं ठिपके उमटले. आजीनं चष्मा वर सरकवून पाहिलं आणि विचारलं, "एवढ्याशा जागेवर माणसं करतात काय दिवसभर?"

आजीचे दोन्ही प्रश्न खरं तर चांगले होते. जिथे माणसांनी हाल सोसले, तिथे मजा करायला जावं का? आणि जी जागा आपल्याला फक्त निळ्यातला ठिपका दिसते, तिथे राहणाऱ्यांचं आयुष्य कसं असेल? पण तेव्हा मला ते विनोद वाटले. मी ते मित्रांच्या ग्रुपवर टाकले, घरी आलो आणि शीट उघडली.

*

लग्नाला अडीच महिने होते. सुट्टी सात दिवसांची, बजेट ठरलेलं. फेब्रुवारीत दोन्हीकडे आभाळ मोकळं आणि समुद्र शांत असतो, त्यामुळे हवामानाच्या भरवशावर सुटेल असा हा प्रश्न नव्हता.

कामाच्या ठिकाणी दोन डेटाबेसमधून एक निवडायचा असला की आम्ही जे करतो, तेच मी केलं. डाव्या बाजूला निकष लिहिले: खर्च, प्रवासाचा वेळ, समुद्र, जेवण, गर्दी, करण्यासारखं काय, कागदपत्रांची कटकट, उत्सुकता. प्रत्येकाला वजन दिलं, सगळ्या वजनांची बेरीज शंभर. मग दोन्ही बेटांना प्रत्येक निकषावर दहापैकी गुण. मी माझे भरणार, ती तिचे भरणार, सरासरी निघणार. मी लिंक तिला पाठवली.

भरताना मजा आली. माहिती गोळा करताना माणसाला आपण विचार करतोय असं वाटतं. मुंबईहून माले सरळ रेषेत साधारण १६५० किलोमीटर, तर पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, सुमारे २३००. म्हणजे परदेश जवळ आणि स्वदेश लांब. अंदमान इतकं पूर्वेला असूनही घड्याळ आपलंच, त्यामुळे तिथे फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मालदीवला भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो, तोही मोफत. मालदीवची भाषा दिवेही ही आपल्या मराठीच्याच मोठ्या कुळातली, इंडो-आर्यन. इंग्रजीतला 'अ‍ॅटॉल' हा शब्द दिवेहीतून गेलेला.

निकाल आला: मालदीव ७.३, अंदमान ७.१.

मी पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो. मग खर्चाचं वजन १५ वरून २० केलं आणि 'समुद्र'चं तेवढंच कमी केलं. आता अंदमान ७.३, मालदीव ७.२.

इथे एक कबुली द्यायला हवी. मला अंदमानला जायचं होतं. कारणं सांगायला गेलो तर ती स्वच्छ नव्हती. थोडा पैशांचा विचार होता. थोडं, मराठी घरात अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल आणि सावरकर हे समीकरण लहानपणापासून कानावर असतं, ते होतं. आणि थोडी भीती होती. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांबद्दल अपमानकारक लिहिलं, त्यांना निलंबित केलं गेलं, आणि आपल्याकडे बहिष्काराची लाट आली. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, तिथे जाणाऱ्या परदेशी पर्यटकांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते, दोन लाखांहून जास्त. बघता बघता सुट्टी कुठे काढायची हा देशभक्तीचा पेपर झाला. ती लाट ओसरली होती, पण फोटो टाकल्यावर ऑफिसात कोण काय म्हणेल हे माझ्या डोक्यात होतंच. त्या भीतीला मी शीटमध्ये रकाना दिला नव्हता. मी तिला 'खर्च' या नावाने आत घेतलं.

*

असा कागद करणारा मी पहिला नाही. १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाला एक नोकरी घ्यावी की नाही ते ठरवता येईना. त्याने बेंजामिन फ्रँकलिनला सल्ला विचारला. फ्रँकलिनने 'काय' ठरव ते सांगितलं नाही, 'कसं' ठरवायचं ते कळवलं: कागदाच्या मधोमध रेघ मार, एका बाजूला अनुकूल, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल मुद्दे तीन-चार दिवस सुचतील तसे लिहीत जा, मग समान वजनाचे मुद्दे समोरासमोर खोड, शेवटी उरेल त्यावरून ठरव. मुद्द्यांची वजनं बीजगणिताइतकी नेमकी नसतात हेही त्याने प्रामाणिकपणे मान्य केलं होतं.

१८३८ मध्ये चार्ल्स डार्विनने असाच कागद केला. विषय होता लग्न. एका बाजूला मुलंबाळं, म्हातारपणी सोबत, घरात गप्पा. दुसऱ्या बाजूला हिंडण्याचं स्वातंत्र्य, हुशार लोकांची संगत, पुस्तकांसाठी पैसे. खाली त्याने 'लग्न करावे' असं तीनदा लिहिलं आणि भूमितीच्या प्रमेयाखाली लिहितात तसं 'सिद्ध' म्हणून टाकलं. गंमत म्हणजे कागदावरून ते अजिबात सिद्ध होत नाही. दोन्ही बाजू चांगल्याच तगड्या आहेत. बेरीज त्याने केलीच नाही. कागद लिहिता लिहिता त्याला आपल्याला काय हवंय ते कळलं असावं. पुढच्या जानेवारीत त्याचं एमाशी लग्न झालं. १८४२ मध्ये याच डार्विनने प्रवाळबेटांवर पुस्तक लिहिलं: ज्वालामुखीचं बेट हळूहळू खाली जातं, कडेचं प्रवाळ वर वाढत राहतं, आणि शेवटी मधे पाणी आणि भोवती कंकण उरतं. मालदीवची बेटं अशाच कंकणांवर बसलेली आहेत.

डार्विनच्या कागदात आणि माझ्या शीटमध्ये फरक होता. त्याने शेवटी आपलं मत स्वतःच्या नावावर लिहिलं. मी माझं मत वजनांत लपवलं आणि ते आकड्यांच्या तोंडून वदवून घेतलं.

तसं पाहिलं तर हे खोटं बोलणंच. फक्त त्यात एकही वाक्य खोटं नसतं.

*

दुसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन आला.

"गुण भरले?" मी विचारलं.

"भरले. खाली एक दुसरा टॅब आहे. तो पण बघितला."

मला आधी कळेना. मग पोटात गोळा आला. मी नवीन शीट कोरी केली नव्हती. जुन्या फाइलमध्येच टॅबची नक्कल काढून त्यात बेटं भरली होती, कारण सूत्रं तयार होती. फाइलचं नाव होतं 'स्थळं'. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ होतात, आणि मी दोन्हींसाठी एकच फाइल वापरली होती.

जुना टॅब दीड वर्षापूर्वीचा होता. विवाहमंडळाच्या अ‍ॅपवरून आलेली सहा स्थळं. शिक्षण, नोकरी, शहर, घरचं वातावरण, बोलणं, आवडीनिवडी. वजनं, गुण, सूत्र. तेच.

"मी ७.२," ती म्हणाली. "वरती एक ७.४ आहे."

मी काहीतरी बोलायला लागलो. सुरुवातीला भरलं होतं, तेव्हा आपण भेटलो पण नव्हतो, असं काहीबाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"अरे, मला राग नाही आला. माझ्या आईच्या वहीत तू तिसरा होतास. तिने तर पत्रिकेचे गुण पण लिहिलेत. मला एवढंच सांग, ७.४ असताना तू ७.२ ला हो का म्हणालास?"

मला उत्तर देता येईना.

"आणि दुसरं. उद्या कुणी ७.६ दिसली तर?"

*

पुढचे काही दिवस मी बेटांचा विचार केलाच नाही. केला तो या दोन प्रश्नांचा. थोडं वाचलं.

अकराव्या शतकाच्या अखेरीस अल-गझाली या विचारवंताने एक उदाहरण दिलं होतं. भुकेल्या माणसासमोर दोन खजूर ठेवलेत, अगदी सारखे, आणि त्याला एकच घेता येणार आहे. एकाला दुसऱ्यावर सरस ठरवणारं काहीही नाही. म्हणून तो उपाशी राहील का? नाही, तो एक उचलेल. दोन सारख्या गोष्टींतून एक वेगळी काढणं हेच तर इच्छाशक्तीचं काम, असं गझालीचं म्हणणं. नंतर युरोपात हीच कोंडी दोन सारख्या गवताच्या भाऱ्यांमध्ये उपाशी मरणाऱ्या गाढवाच्या रूपाने प्रसिद्ध झाली.

पण माझी बेटं खजुरांसारखी नव्हती. ती सारखी नव्हतीच. हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. समजा दुकानात दोन पेन ड्राइव्ह आहेत, कंपनी एक, क्षमता एक. त्यातला एक दहा रुपयांनी स्वस्त केला. लगेच निर्णय होतो, कारण ते खरंच सारखे होते आणि पारडं झुकायला दहा रुपये पुरतात. आता माझ्याकडे एजंटचा फोन आला, "सर, अंदमानवर दोन हजार कमी करतो." निर्णय झाला का? नाही. मी पूर्वीइतकाच अडकलेला होतो. म्हणजे दोन्ही पर्याय समान नव्हते. असते तर दोन हजारांनी काम झालं असतं. आणि एक दुसऱ्यापेक्षा सरस आहे असंही म्हणता येत नव्हतं.

रूथ चँग या तत्त्वज्ञ बाईंचं म्हणणं असं की आपण चुकीचं गृहीत धरतो. वजनांच्या बाबतीत तीनच शक्यता असतात: जास्त, कमी, समान. मूल्यांच्या बाबतीत चौथी असते. दोन गोष्टी एकाच तोडीच्या पण वेगवेगळ्या प्रकारे चांगल्या असू शकतात. तिथे कारणं आपल्याला एका ठिकाणापर्यंत आणून सोडतात आणि गप्प होतात. त्यापुढे जे लागतं ते शोधायचं नसतं, ते आपण घालायचं असतं: मी यामागे उभा राहतो, असं म्हणायचं असतं.

हे वाचून मला आधी हायसं वाटलं, मग शंका आली. कारणं संपल्यावर मी उभा राहतो म्हणजे नक्की काय? नाणं उडवण्यापेक्षा ते वेगळं कसं?

मला सापडलेलं उत्तर असं. नाणं उडवल्यावर नाण्याची जबाबदारी नाण्यावर असते. शीटचंही तेच. छापा आला म्हणून, ७.३ आले म्हणून. उद्या काही बिनसलं तर मी म्हणू शकतो, आकडे तसे होते. मी निवडलं असं म्हटलं की ही पळवाट बंद होते. आकड्यांच्या आड लपायची माझी हौस निर्णय चांगला व्हावा म्हणून नव्हती. निर्णय माझा नसावा म्हणून होती.

*

एका रविवारी आम्ही चहाला भेटलो तेव्हा मी तिला हे सांगायचा प्रयत्न केला.

"७.४ च्या त्या मुलीशी मी दोनदा बोललो होतो. छान होती. तुझ्याशी पहिल्यांदा बोललो त्या रात्री शीट उघडून गुण बदलायला बसलो आणि लक्षात आलं की तुझे गुण वाढवायला मी कारणं शोधतोय. मग शीट बंद केली. परत उघडली नाही. बेटांसाठी उघडली ती आता."

"म्हणजे आधी ठरलं आणि मग कारण?"

"कारणं होती. पण ती तिच्याकडेही होती. ती पुरी पडत नव्हती. मी ठरवलं, एवढंच."

"आणि ७.६?"

या प्रश्नावर अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक यांनी १९८९ मध्ये लिहिलंय. प्रेमात 'आपण' नावाची एक नवी गोष्ट तयार होते आणि तिचा भाग असलेला माणूस अधिक चांगला पर्याय शोधत फिरत नाही, असा त्यांचा मुद्दा. कारण गुणांसाठी निवडलं असेल तर जास्त गुण दिसताच बदलायला हवं; तसं न करणं हा वेडेपणा ठरेल. आपण बदलत नाही, ते वेडेपणाने नव्हे. सुरुवात गुणांपासून झाली तरी पुढे ते आपल्याला बांधून ठेवत नसतात. मी हे तिला जमेल तसं सांगितलं. तुलनेची वेळ निवडण्याआधीची. नंतर तो रकाना बंद.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे ऐकायला छान आहे. पण माझ्या मावशीला लोक हेच सांगायचे. एकदा ठरलं की ठरलं, इकडे तिकडे बघायचं नाही. बावीस वर्षं तिने सोसलं."

माझं सगळं तत्त्वज्ञान तिथे अडलं, आणि अडलं ते बरं झालं. कारण तिचं म्हणणं खरं होतं. आपल्याकडे बाईला बांधून ठेवायला 'निष्ठा' हाच शब्द वापरला गेलाय. मग दोघांनी मिळून बोलता बोलता एक फरक काढला, तो मला अजून पटतो. "याहून चांगलं कुणी आहे का?" आणि "आपलं बरं चाललंय का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. निवड केली की पहिला प्रश्न सोडायचा. दुसरा कधीच सोडायचा नाही. मावशीला लोकांनी दोन्ही प्रश्न विचारायची बंदी केली होती. पहिल्यासाठी शेजारी बघावं लागतं, दुसऱ्यासाठी समोर. आणि समोरचा माणूस त्रास देत असेल तर तिथून निघून यायला दुसरं स्थळ तयार असावं लागत नाही.

*

बेटांकडे परत आलो तेव्हा मी शीटचे रकाने नव्याने वाचले. आठही निकष आमच्याबद्दल होते. आमचा खर्च, आमचा वेळ, आमची उत्सुकता. बेटावरच्या माणसांबद्दल एकही नव्हता. आजीने मटार सोलताना जे विचारलं, तेवढंही नव्हतं.

अंदमानच्या पॅकेजमध्ये चौथ्या दिवशी लिहिलं होतं: बाराटांग, चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी. तिकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्या भागातला रस्ता बंद करायला सांगितलं होतं. वाहनांचे ताफे सुरूच राहिले. जानेवारी २०१२ मध्ये पर्यटकांसाठी नाचायला लावलेल्या जारवा स्त्रियांचा व्हिडिओ बाहेर आला आणि गदारोळ झाला. या जमातीत माणसं उरलीत काही शे. गाडी थांबवायला, फोटो काढायला बंदी आहे. एजंट मात्र फोनवर सहज म्हणाला, "लक असेल तर जारवा पण दिसतात, सर." वाघ दिसतो म्हणतात ना, तसं.

मालदीवमध्ये १९७२ मध्ये पहिलं रिसॉर्ट झालं. एक बेट, एक रिसॉर्ट ही तिथली जुनी पद्धत. पाहुणे वेगळ्या बेटावर, रहिवासी वेगळ्या. तुम्ही सहा दिवस त्या देशात राहून तिथल्या एकाही घराचं दार न बघता परत येऊ शकता. देशाची सरासरी उंची समुद्रापासून दीड मीटर, म्हणजे मी देशापेक्षा उंच. २००९ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी मंत्रिमंडळाची बैठक समुद्राच्या तळाशी घेतली, जगाचं लक्ष जावं म्हणून. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतल्या समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि राजधानीचे नळ आटले. भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पाठवलं. चहूकडे पाणी आणि प्यायला नाही. पर्यटकांचा आणि शहराचा कचरा थिलाफुशी नावाच्या एका बेटावर नेऊन टाकला जातो. तो फोटो ब्रोशरमध्ये नसतो.

हे वाचून 'मग कुठेच जायला नको' असं म्हणणं सोपं आहे. एक-दोन दिवस मी तसं म्हणत होतो. पण तेही जबाबदारीतून अंग काढून घेणंच. पर्यटनावर पोट असलेल्या देशात मी न गेल्याने समुद्र खाली जाणार नाही. तिथल्या कुणाचा तरी महिन्याचा पगार तेवढा जाईल. आणि मी गेल्याने मी पुण्यवानही होत नाही, कारण मी ज्या विमानाने जाणार त्याचा धूर त्याच समुद्राला वर ढकलतो. दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं खोडलं जात नाही. फ्रँकलिनसारखी रेघ मारून इथे भागत नाही.

मग निष्कर्ष काय? मला एवढाच काढता आला: बेट निवडताना आपण कुणाच्या तरी घरी जाणं निवडतो. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ उठलेल्या त्याच त्सुनामीने अंदमान-निकोबारला गाठलं आणि त्याच दिवशी मालदीवलाही. माझ्या शीटमधल्या दोन स्पर्धक ओळी एकाच लाटेखाली गेल्या होत्या. त्या ओळी आहेत असं फक्त माझ्या बाजूने दिसत होतं.

*

शेवटी एक प्रश्न राहिला होता. 'उत्सुकता' या रकान्यात तिने अंदमानला दहापैकी तीन दिले होते. तिला मालदीवचे फोटो हवे असतील असं मी मनात धरलं होतं, आणि त्याबद्दल मनातल्या मनात तिला थोडं कमीही लेखलं होतं.

"तीन का?" मी विचारलं.

"बाबांना अंदमानला जायचंय," ती म्हणाली. "पोस्टात होते तेव्हापासून. एलटीसीचा चार वर्षांचा ब्लॉक सुरू झाला की अंदमानची माहिती काढायचे. एकदा माझी दहावी, एकदा आजोबांचं ऑपरेशन, मग कोविड. मग रिटायर झाले. कपाटात अजून ती फाइल आहे. मी तिथे त्यांच्याआधी जाऊन यायचं आणि त्यांना फोनवर सेल्युलर जेल दाखवायचं, हे मला नको वाटतं."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"कुठल्या रकान्यात लिहू?"

आणि मग तिनेही तिची कबुली दिली. तिलाही ते थेट बोलायचा संकोच वाटला होता. हनिमूनच्या गप्पांत बाबा कुठे आणायचे, म्हणून तिने तीन गुण दिले आणि आकड्यांना बोलू दिलं. म्हणजे दोघांनीही तेच केलं होतं. मी माझी भीती खर्चाखाली लपवली, तिने तिची माया उत्सुकतेखाली. शीट बिचारी दोघांच्या मधे उभी राहून निरोप देत होती, तोही चुकीचा.

मी पण मग सांगून टाकलं: लोक काय म्हणतील याची मला भीती वाटते. मोठ्याने म्हटल्यावर ते कारण इतकं लहान दिसलं की दोघंही हसलो.

आम्ही मालदीवला गेलो. रिसॉर्टवर न उतरता लोकवस्तीच्या एका बेटावर, गेस्टहाउसमध्ये. त्यामुळे आम्ही थोर झालो नाही. विमान तेच होतं, आणि पाण्याची रिकामी बाटली हातात घेतली की थिलाफुशी आठवायचं. पण सकाळी नाश्त्याला ट्यूना, ओलं खोबरं आणि कांदा कालवलेली मस हुनी असायची, सोबत पोळीसारखी रोशी. समुद्रावर एका ठरावीक भागातच पोहायचं, बाकी गावात अंगभर कपडे. ही माणसांची राहती जागा आहे, याचा विसर पडायला गाव वेळच देत नसे. परत आलो तेव्हा सासऱ्यांची कपाटातली फाइल मागून घेतली. ऑक्टोबरअखेरची चार तिकिटं काढलीयेत. बाराटांगचा दिवस वगळलाय. तो दिवस त्यांना तसाही सेल्युलर जेललाच द्यायचाय. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या तुरुंगाच्या सात पाकळ्यांपैकी आता तीनच उभ्या आहेत, हे त्यांनीच मला सांगितलं.

परतल्यावर आजीला भेटायला गेलो. तिने पहिलं काय विचारलं असेल?

"मग? माणसं करतात काय तिथं दिवसभर?"

मी तिला फोटो दाखवला. संध्याकाळची वेळ, बंदराजवळ लोखंडी चौकटीला दोरीची जाळी बांधून केलेल्या झोळीसारख्या खुर्च्या. तिथे त्याला जोली म्हणतात. त्यात रेलून पाच-सहा म्हातारी माणसं गप्पा मारतायत, शेजारी शाळेतून आलेली पोरं सायकल फिरवतायत.

"बसतात, आजी. आपल्याकडे पारावर बसतात तशी."

आजीने फोटो जवळ धरून नीट बघितला. "मग एवढं लांब कशाला गेलात?" ती म्हणाली, आणि फोन माझ्याकडे न देता पुढचा फोटो कसा सरकवायचा ते विचारलं.